इमॅक्समध्ये विंडोची मांडणी सारखी विस्कटते? सोप्यापासून अवघडापर्यंत तपासणी

इमॅक्स या मजकूर-संपादकात पडदा तीन भागांत नीट मांडून कामाला बसावं आणि मदतीचं पान उघडलं, कंपाइल केलं किंवा काहीतरी रद्द करायला एस्केप दाबलं की सगळ्याचा विचका व्हावा, ही तक्रार एकदा मिटते आणि महिन्याभरात नव्या रूपात परत येते. परत येण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. मांडणी बदलणारे हात दोन असतात. एक तुमचा, म्हणजे दाबलेली कळ किंवा माउसची क्लिक. दुसरा इमॅक्सचा, म्हणजे `डिस्प्ले-बफर` हे फंक्शन. नवा बफर कुठे दाखवायचा ते हे फंक्शन स्वतःच्या नियमांनी ठरवतं. काम कुठल्या हाताचं आहे हे न बघता एखादं पॅकेज बसवलं की तिसरा हात तयार होतो आणि गुंता वाढतो. म्हणून पॅकेज शेवटी, तपासणी आधी.

तीन शब्द पक्के हवेत. इमॅक्समध्ये फ्रेम म्हणजे बाकीचं जग ज्याला विंडो म्हणतं ती, डेस्कटॉपवरची चौकट. विंडो म्हणजे त्या फ्रेमच्या आतला एक कप्पा. बफर म्हणजे कप्प्यात दिसणारा मजकूर. विंडो बंद झाली म्हणून बफर जात नाही. तो `कंट्रोल-एक्स बी`ने परत येतो. फाइल गेली असं वाटून घाबरणाऱ्यांपैकी बहुतेकांची फक्त विंडो गेलेली असते.

आज्ञांची आणि चलांची (म्हणजे सेटिंगची) नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. इमॅक्समध्ये ती रोमन लिपीत, जोडरेघांसकट टाइप करायची. मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट.

## लक्षणं

- एस्केप दोन-तीनदा दाबलं आणि चालू विंडो सोडून बाकी सगळ्या गेल्या.
- नवी विंडो कधी शेजारी उघडते, कधी खाली. काल शेजारी, आज खाली. सेटिंगला हात लावलेला नाही.
- मदत किंवा कंपाइलचा निकाल नेमका तुम्ही वाचत होता त्या फाइलच्या जागी येऊन बसतो.
- हाताने ठरवलेली रुंदी आपोआप अर्धी-अर्धी होते.
- विंडो बंद होत नाही, विभागत नाही, किंवा तिच्यात दुसरा बफर उघडत नाही. खाली एक ओळीचा संदेश येतो.
- अजेंडा, फाइलींची तुलना, डीबगर अशी साधनं उघडली की मांडणी जाते आणि बंद केल्यावर परत येत नाही.
- काहीच न करता इशाऱ्यांची विंडो मधूनमधून उगवते.

## आधी परतीचा रस्ता

निदान करताना मांडणी पुन्हा पुन्हा मोडणार आहे. त्यामुळे इनिट फाइलमध्ये (इमॅक्स सुरू होताना वाचतं ती तुमची सेटिंगची फाइल) आधी `(विनर-मोड 1)` ही ओळ घाला. हे इमॅक्ससोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. मांडणी बिघडली की `कंट्रोल-सी` आणि डावा बाण दाबायचा, म्हणजे मागची मांडणी येते. `कंट्रोल-सी` उजवा बाण पुन्हा पुढे नेतो. चालू केल्यानंतरचेच बदल त्याला माहीत असतात, आणि किल केलेला, म्हणजे पूर्ण बंद केलेला बफर ते परत आणत नाही.

नेहमीची मांडणी रजिस्टरमध्येही ठेवता येते. `कंट्रोल-एक्स आर डब्ल्यू` आणि एक अक्षर दाबलं की ती साठते. `कंट्रोल-एक्स आर जे` आणि तेच अक्षर दाबलं की परत येते. इमॅक्स बंद केलं की हे रजिस्टर पुसलं जातं. पुढच्या वेळीही मांडणी हवी असेल तर `डेस्कटॉप-सेव्ह-मोड` लागतो.

## तपासणी 1: नकळत दाबलेली कळ

सर्वात स्वस्त तपासणी हीच, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मांडणी बिघडली की लगेच `कंट्रोल-एच एल` दाबा. शेवटच्या 300 कळा आणि त्यांनी चालवलेल्या आज्ञा दिसतात. यादीच्या शेवटाकडून वर वाचत या आणि पुढचे गुन्हेगार शोधा.

एस्केप तीनदा. याची आज्ञा `कीबोर्ड-एस्केप-क्विट`. ती क्रमाने बघते: निवडलेला मजकूर आहे का, मिनीबफर (तळाची, आज्ञा टाइप करायची ओळ) उघडा आहे का, अर्धवट आज्ञा आहे का. रद्द करण्यासारखं काहीच सापडलं नाही तर शेवटी ती बाकीच्या विंडो बंद करते. दुसऱ्या एडिटरमधून आलेल्यांची एस्केप दाबत राहायची सवय इथे नडते. रद्द करायला `कंट्रोल-जी` वापरा. सवय सुटत नसेल तर `मेटा-एक्स ग्लोबल-अनसेट-की` चालवून एस्केप तीनदा दाबा आणि त्रास थांबतो का ते पाहा. थांबला तर तीच आज्ञा इनिट फाइलमध्ये कायमची घाला.

1 आणि 2 शेजारी आहेत. `कंट्रोल-एक्स 2` विंडो वर-खाली विभागतं, `कंट्रोल-एक्स 3` शेजारी-शेजारी, `कंट्रोल-एक्स 0` चालू विंडो बंद करतं आणि `कंट्रोल-एक्स 1` बाकी सगळ्या. विभागायला निघालेलं बोट एक कळ डावीकडे घसरलं की सगळं साफ. यावर विनर हाच उपाय. कळा बदलत बसू नका, बाकी सगळी मदत याच कळा धरून लिहिलेली असते.

माउस. विंडोच्या तळाची मोड लाइन ओढून उंची बदलता येते, पण त्याच पट्टीवर उजवी क्लिक झाली तर ती विंडो बंद होते आणि मधलं बटण दाबलं गेलं तर बाकीच्या सगळ्या. टचपॅडवर दोन बोटांचा स्पर्श उजवी क्लिक ठरतो, त्यामुळे लॅपटॉपवर हे जास्त घडतं. `कंट्रोल-एच एल`च्या यादीत माउसच्या नोंदीपुढे `माउस-डिलीट-विंडो` दिसलं की शोध संपला.

कळ दाबूनही काहीच होत नसेल आणि तळाशी ‘अनडिफाइन्ड’ असा संदेश येत असेल तर कीबोर्डची लिपी देवनागरीवर राहिली आहे का ते बघा. ती रोमनवर आणली की कळा चालू होतात.

यादीत तुमची एकही संशयास्पद कळ नसेल तर काम दुसऱ्या हाताचं आहे.

## तपासणी 2: ओळी आणि रकाने मोजा

‘काल शेजारी, आज खाली’ हे लक्षण असेल तर उत्तर दोन आकड्यांत आहे. `स्प्लिट-हाइट-थ्रेशोल्ड` मुळात 80 ओळी आणि `स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड` मुळात 160 रकाने. इमॅक्सला आपण होऊन विंडो विभागायची असते तेव्हा ते आवृत्ती 30 पर्यंत या क्रमाने जातं:

1. विंडोची उंची 80 ओळी किंवा जास्त आहे का? असेल तर खाली विभाग.
2. नसेल, तर रुंदी 160 रकाने किंवा जास्त आहे का? असेल तर शेजारी विभाग.
3. दोन्ही नसेल, पण फ्रेममध्ये ही एकच विंडो असेल, तर उंचीची अट सोडून खाली विभाग.
4. तेही नसेल तर विभागू नको.

आता हे पडद्यावर बसवून बघू. 1920 पिक्सेल रुंद पडदा, एक अक्षर 10 पिक्सेल रुंद: 192 रकाने, त्यातून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि स्क्रोलबारचे काही जातात, तरी 160च्या वर. विंडो शेजारी उघडते. अक्षर 12 पिक्सेलचं केलं तर भागाकार बरोबर 160 येतो. पण कडेच्या पट्ट्या प्रत्येकी 8 पिक्सेल घेतात, स्क्रोलबार वेगळाच, आणि हातात उरतात साधारण 157. दोन-तीन रकान्यांनी अट हुकते आणि विंडो खाली उघडू लागते. सेटिंग तेच, फक्त फॉन्ट एक घर मोठा झाला. बाहेरचा मॉनिटर जोडला, स्केलिंग बदललं, फ्रेम मोठी केलेली नव्हती, सगळ्यांचा परिणाम हाच.

उंचीचंही तसंच. 1080 पिक्सेल उंचीत 20 पिक्सेलच्या ओळी जेमतेम 54 बसतात, 80 कधीच नाहीत. म्हणून साध्या पडद्यावर पहिली अट लागूच होत नाही. पडदा उभा फिरवला किंवा 2160 पिक्सेल उंचीचा बारीक अक्षरांत वापरला की ओळी 80च्या वर जातात. मग पडदा कितीही रुंद असला तरी विंडो खालीच उघडते, कारण उंची आधी बघितली जाते.

मोजायचं कसं: ज्या विंडोतून विभागणी अपेक्षित आहे तिथे `मेटा-:` दाबून `(विंडो-विड्थ)` लिहा आणि एंटर. मग तसंच `(विंडो-हाइट)`. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय पुढचं काही बदलू नका.

शेजारीच हवी असेल तर उंचीचा आकडा `निल` (म्हणजे बंद) करा आणि रुंदीचा आकडा स्वतः ठरवा:

`(सेटक्यू स्प्लिट-हाइट-थ्रेशोल्ड निल)`
`(सेटक्यू स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड 140)`

140 का? एका विंडोत किमान 70 रकाने दिसावेत असं धरलं म्हणून दुप्पट. मूळच्या 160मागेही 80च्या दोन विंडो हाच हिशेब बसतो. बरेच जण इथे 0 लिहितात. मग अट नावापुरतीच राहते आणि 40 रकान्यांची विंडोही चिरली जाते. दहा-पंधरा रकान्यांच्या पट्ट्या उभ्या राहतात आणि तक्रार नव्याने सुरू होते. 0 लिहू नका.

दुसरी फसगत: उंची `निल` केली तरी विंडो खाली उघडते. याचं उत्तर वरच्या तिसऱ्या पायरीत आहे. फ्रेममध्ये एकच विंडो असेल आणि रुंदी कमी पडली, तर उंचीचा आकडा विचारातच घेतला जात नाही. अशा वेळी बिघाड उंचीच्या सेटिंगचा नसून रुंदीचा आकडा पडद्यापेक्षा मोठा असल्याचा असतो.

हे आकडे फक्त इमॅक्स आपण होऊन विभागतं तेव्हा लागू. हाताने `कंट्रोल-एक्स 2` किंवा `3` दाबलं तर ते बघितलेच जात नाहीत. तिथे फक्त किमान आकार चालतो, 4 ओळी आणि 10 रकाने. ‘टू स्मॉल फॉर स्प्लिटिंग’ असा संदेश आला तर विंडो खरोखर लहान आहे, किंवा मजकूर मध्यभागी आणणाऱ्या एखाद्या मोडने दोन्ही बाजूंना मोठे समास ठेवले आहेत. समास रुंदीतून वजा होतात. तो मोड बंद करून पाहा.

नावांचा घोळही इथे निस्तरून टाकू. जुन्या लिखाणात `स्प्लिट-विंडो-व्हर्टिकली` म्हणजे वर-खाली आणि `हॉरिझॉन्टली` म्हणजे शेजारी-शेजारी. विम हा दुसरा संपादक वापरणाऱ्यांसाठी हे बरोबर उलटं. नवी नावं `स्प्लिट-विंडो-बिलो` आणि `स्प्लिट-विंडो-राइट` अशी आहेत, त्यांत गोंधळ नाही.

## तपासणी 3: खालचा संदेश वाचा

विंडो ऐकत नाही असं वाटतं तेव्हा इमॅक्सने कारण सांगितलेलं असतं. ते दोन सेकंदांत पुसलं जातं इतकंच. `कंट्रोल-एच ई` दाबून संदेशांचा बफर उघडा.

‘अटेम्प्ट टू डिलीट मिनीबफर ऑर सोल ऑर्डिनरी विंडो’: फ्रेममध्ये एकच विंडो उरली आहे, ती बंद करता येत नाही. फ्रेमच बंद करायची असेल तर `कंट्रोल-एक्स 5 0`.

‘कॅनॉट मेक साइड विंडो द ओन्ली विंडो’: तुम्ही फाइलींचं झाड किंवा तत्सम कडेच्या विंडोत उभे आहात आणि `कंट्रोल-एक्स 1` दाबलंत. मुख्य विंडोत जाऊन दाबा, किंवा `मेटा-एक्स विंडो-टॉगल-साइड-विंडोज`ने कडेच्या विंडो लपवा. कडेची विंडो विभागताही येत नाही. ती तशीच घडवलेली आहे, बिघडलेली नाही.

‘डेडिकेटेड’ हा शब्द संदेशात असेल तर ती विंडो एका बफरला बांधलेली आहे. आवृत्ती 30 मध्ये `कंट्रोल-एक्स डब्ल्यू डी` ही गाठ सोडते-बांधते. त्याआधीच्या आवृत्तीत `मेटा-:` मध्ये `(सेट-विंडो-डेडिकेटेड-पी निल निल)`.

कर्सर तळाच्या ओळीत अडकला असेल तर अर्धवट मिनीबफर उघडा राहिलेला असतो. तिथे क्लिक करून `कंट्रोल-जी`. मोड लाइनवर चौकोनी कंस दिसत असतील तर तुम्ही आज्ञेच्या आत आज्ञेत आहात; `मेटा-एक्स टॉप-लेव्हल` सगळ्यातून बाहेर काढतं.

एक बारीक गोष्ट: मिनीबफर उघडा असताना बदललेली मांडणी एंटर दाबताच पूर्ववत होते. आवृत्ती 28 पासून हे `रीड-मिनीबफर-रिस्टोअर-विंडोज` या चलावर ठरतं. नको असेल तर `निल` करा.

## तपासणी 4: रुंदी आपोआप बदलणं

`कंट्रोल-एक्स +` सगळ्या विंडो समान करतं. चुकून दाबलं नसल्याची खात्री करा. तरीही आकार बदलत असतील तर `इव्हन-विंडो-साइझेस` बघा. हे मुळात चालू असतं, आणि दुसऱ्या विंडोत काही दाखवताना इमॅक्स दोघींचे आकार सारखे करू बघतं. `निल` केलं की थांबतं. एकामागोमाग `कंट्रोल-एक्स 3` दाबल्यावर अर्धी, पाव, दीडदमडी अशा विंडो होत असतील तर `विंडो-कॉम्बिनेशन-रिसाइझ` ला `टी` (म्हणजे चालू) द्या. नवी विंडो मग एकीकडून न घेता सगळ्यांकडून थोडी थोडी जागा घेते.

## तपासणी 5: कुठला बफर कुठे, हे लिहून द्या

इथवर येऊनही मदत आणि कंपाइलचे निकाल तुमच्या फाइलवर येत असतील तर `डिस्प्ले-बफर` चा स्वभाव समजून घ्यावा लागेल. वेगळी सूचना नसेल तर ते साधारण असं करतं: बफर आधीच कुठे दिसतो आहे का ते बघतं, नसेल तर सर्वात मोठी विंडो, मग सर्वात जुनी वापरलेली विंडो विभागता येते का ते बघतं, नाहीच जमलं तर न विभागता एखादी विंडो बळकावते, सहसा जिच्याकडे तुम्ही सर्वात जास्त वेळ फिरकला नाहीत ती. संदर्भासाठी शेजारी उघडून ठेवलेली फाइल नेमकी याच कारणाने झाकली जाते. तुम्ही ती नुसती वाचत असता, तिच्यात कर्सर नेलेला नसतो, आणि इमॅक्सच्या हिशेबी ती पडीक जागा ठरते.

उपाय `डिस्प्ले-बफर-अलिस्ट`. ही यादी 2012 मधल्या आवृत्ती 24 मध्ये आली. त्याआधीचे `सेम-विंडो-बफर-नेम्स` आणि `स्पेशल-डिस्प्ले-बफर-नेम्स` हे मार्ग आता कालबाह्य आहेत. जुन्या इनिट फाइलीतून चालत आलेल्या अशा ओळी आधी काढून टाका, नाहीतर दोन नियमपुस्तकं एकमेकांशी भांडतात.

एक नियम असा दिसतो:

`(ॲड-टू-लिस्ट 'डिस्प्ले-बफर-अलिस्ट`
`  '("\\*\\(हेल्प\\|कंपायलेशन\\)\\*"`
`    (डिस्प्ले-बफर-रीयूज-विंडो डिस्प्ले-बफर-ॲट-बॉटम)`
`    (विंडो-हाइट . 0.3)))`

पहिला भाग बफरच्या नावाचा नमुना. दुसरा भाग प्रयत्नांचा क्रम: आधी दिसत असेल तर तीच विंडो, नाहीतर फ्रेमच्या तळाशी. तिसरा भाग उंची, 0.3 म्हणजे फ्रेमच्या तीन-दशांश, आणि पूर्णांक 12 लिहिलात तर 12 ओळी.

चुका ठरलेल्या जागी होतात. `विंडो-हाइट` आणि 0.3 यांच्यामधल्या टिंबाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. ती गेली तर नियम चुकला असं कोणी सांगत नाही, उंचीची सूचना नुसती निष्प्रभ होते. नमुन्यात तारे सोडून नुसता शब्द लिहिला तर तो शब्द नावात असलेल्या तुमच्या स्वतःच्या फाइलीही तळाशी जाऊ लागतात. `ॲड-टू-लिस्ट` नवा नियम यादीच्या डोक्यावर ठेवतं आणि आधी जुळणारा नियम जिंकतो. म्हणून सर्वसाधारण नियम आधी लिहा आणि विशिष्ट नियम नंतर, म्हणजे विशिष्ट नियम वर राहतील. नियम पूर्ण दुर्लक्षित होत असेल तर बफर `डिस्प्ले-बफर` मधून न येता `स्विच-टू-बफर` मधून येत असेल. त्यासाठी आवृत्ती 27 पासून `स्विच-टू-बफर-ओबे-डिस्प्ले-ॲक्शन्स` आहे; `टी` केलं की तोही नियम पाळतो. पण मग `कंट्रोल-एक्स बी` सुद्धा नियमाने वागतं, हे ध्यानात ठेवा.

`डिस्प्ले-बफर-इन-साइड-विंडो` दिसायला आकर्षक आहे, बरीच उदाहरणं तेच वापरतात. तिसऱ्या तपासणीतली बंधनं त्याच्यासोबत येतात, शिवाय एकाच बाजूला एकाच क्रमांकाच्या जागेवर दोन बफर आले की एक दुसऱ्याला झाकतो. सुरुवातीला तळाची साधी विंडोच बरी.

इशाऱ्यांची विंडो मधूनमधून उगवण्याचं नेहमीचं कारण वेगळं आहे. आवृत्ती 28 पासून नेटिव्ह कंपायलेशनची (कोड थेट यंत्रभाषेत बदलण्याची) सोय असलेलं इमॅक्स पॅकेजं मागच्या बाजूला कंपाइल करतं आणि त्यातले इशारे समोर आणतं. `नेटिव्ह-कॉम्प-असिंक-रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स` ला `सायलेंट` दिलं की इशारे नोंदले जातात, पण विंडो उघडत नाही.

## तपासणी 6: स्वतःची मांडणी घेऊन येणारी साधनं

ऑर्ग या नोंदी-कामांच्या मोडचा अजेंडा मुळात फ्रेमच फेरमांडतो. `ऑर्ग-अजेंडा-विंडो-सेटअप` ला `करंट-विंडो` द्या, किंवा `ऑर्ग-अजेंडा-रिस्टोअर-विंडोज-आफ्टर-क्विट` चालू करा. ऑर्गमधला कोडचा तुकडा वेगळा उघडतानाही हाच प्रकार. तिथलं चल `ऑर्ग-एसआरसी-विंडो-सेटअप`.

ईडिफ, म्हणजे फाइलींची तुलना करणारं साधन, नियंत्रणासाठी वेगळी छोटी फ्रेम काढतं आणि ती हरवते. `ईडिफ-विंडो-सेटअप-फंक्शन` ला `ईडिफ-सेटअप-विंडोज-प्लेन` द्या. बाहेर पडताना ते जुनी मांडणी परत देत नाही. तिथे विनरचा डावा बाण. जीडीबी या डीबगरसाठी आवृत्ती 28 पासून `जीडीबी-रिस्टोअर-विंडो-कॉन्फिगरेशन-आफ्टर-क्विट` आहे.

## तपासणी 7: दोष तुमच्या फाइलीत की बाहेर?

आता वेळ लागणारं काम. `कंट्रोल-एक्स एस`ने सगळं सेव्ह करा, आणि टर्मिनलमधून मोठ्या क्यू अक्षरासह `इमॅक्स -क्यू` चालवा. यात तुमची इनिट फाइल नाही आणि यंत्रावरची सामाईक साइट फाइलही नाही. बिघाड घडवून पाहा. घडला नाही, तर लहान क्यू अक्षरासह पुन्हा चालवा. हा पर्याय फक्त तुमची फाइल टाळतो, सामाईक फाइल वाचतो. मोठ्या क्यूने ठीक आणि लहान क्यूने बिघाड, म्हणजे दोष सामाईक फाइलीत.

दोन्हींत ठीक असेल तर दोष तुमच्या इनिट फाइलीत. अर्धी फाइल निवडून `मेटा-;`ने टिप्पणीत टाका आणि इमॅक्स पुन्हा सुरू करा. बिघाड राहिला तर उरलेल्या अर्ध्यात आहे. निवड कंसांच्या मधेच तोडू नका, पूर्ण ओळगट घ्या. 400 ओळींच्या फाइलीला जास्तीत जास्त नऊ फेऱ्या पुरतात. डोळ्यांनी वाचत बसण्यापेक्षा हे हमखास लवकर संपतं. आवृत्ती 29 पासून `--इनिट-डिरेक्टरी` देऊन फाइलीच्या प्रतीवर हा प्रयोग करता येतो, मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

डेमन (पडद्यामागे चालत राहणारं इमॅक्स) चालवून त्याला जोडत असाल तर एक खास सापळा आहे. डेमन सुरू होतो तेव्हा खरी फ्रेम अस्तित्वातच नसते. इनिट फाइलीत फ्रेमची रुंदी मोजून आकडे ठरवणारी ओळ असेल तर ती भलत्याच फ्रेमची रुंदी मोजते. अशी ओळ `सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक` मध्ये हलवा.

## तपासणी 8: रंगेहाथ पकडणं

कोणतं पॅकेज विंडो उघडतं ते कळत नसेल तर `मेटा-एक्स ट्रेस-फंक्शन-बॅकग्राउंड` चालवून `डिस्प्ले-बफर` हे नाव द्या, पुढच्या प्रश्नांना नुसतं एंटर. यानंतर प्रत्येक वेळी कोणता बफर कोणत्या सूचनेसह आला ते ट्रेसच्या बफरमध्ये गुपचूप नोंदलं जातं, मांडणीला हात न लावता. संपल्यावर `अनट्रेस-ऑल`.

विंडो कोण बंद करतं ते हवं असेल तर `मेटा-एक्स डीबग-ऑन-एंट्री` आणि `डिलीट-अदर-विंडोज`. आधी मांडणी रजिस्टरमध्ये ठेवा, कारण डीबगर स्वतःची विंडो उघडतो. बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्या यादीत, सर्वात वर सर्वात ताजी हाक असते. खाली उतरत पहिलं परक्या पॅकेजच्या उपसर्गाचं नाव शोधा. ते सापडलं की `क्यू` दाबून बाहेर या आणि `कॅन्सल-डीबग-ऑन-एंट्री` विसरू नका, नाहीतर पुढचं `कंट्रोल-एक्स 1` थेट डीबगरमध्ये नेईल. काही पॅकेजं विंडो एकेक करून बंद करत नाहीत, आधी जपलेली पूर्ण मांडणी एकदम परत बसवतात. ती या जाळ्यात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सातवी तपासणीच खरी.

## इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोष सामाईक साइट फाइलीत निघाला तर ती फाइल यंत्राच्या सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरची. हक्क असले तरी स्वतः बदलू नका. दुसऱ्यांचीही इमॅक्स तिच्यावर चालतात. त्यांना मोठ्या आणि लहान क्यूच्या दोन्ही चाचण्यांचा निकाल द्या.

बॅकट्रेसमध्ये एकाच पॅकेजचं नाव येत असेल आणि त्याच्या सेटिंगमध्ये तोडगा नसेल तर त्या पॅकेजच्या देखभालकर्त्याला लिहा. त्याची फंक्शनं आपल्या इनिट फाइलीत नव्याने लिहिणं, किंवा `स्प्लिट-विंडो`, `डिलीट-विंडो` यांसारख्या मूळ फंक्शनांवर ॲडव्हाइस (त्यांची वागणूक बदलणारा जोड-कोड) चढवणं टाळा. पुढच्या आवृत्तीत ते मोडतं आणि तेव्हा दोष कुठे आहे ते तुम्हालाही आठवत नाही.

फ्रेमच हलत असेल, तिचा आकार बदलत असेल किंवा ती दुसऱ्या मॉनिटरवर जात असेल तर इमॅक्सची विंडो सेटिंग तपासून उपयोग नाही. ते डेस्कटॉपच्या विंडो मॅनेजरचं काम, त्याच्या जाणकाराला विचारा.

मोठ्या क्यूनेही बिघाड घडत असेल, विंडो विभागताना इमॅक्स कोसळत असेल किंवा पडद्याचा भाग रंगवलाच जात नसेल तर तो इमॅक्सचा दोष धरा. `मेटा-एक्स रिपोर्ट-इमॅक्स-बग` चालवा. आवृत्ती आणि बांधणीची माहिती त्यात आपोआप भरली जाते. तुम्ही फक्त मोठ्या क्यूपासून बिघाडापर्यंतच्या कळा क्रमाने लिहा, आणि सोबत `(विंडो-विड्थ)`, `(विंडो-हाइट)` यांचे आकडे द्या, कारण तुमच्या 157 रकान्यांवर घडणारी गोष्ट 190 रकान्यांच्या पडद्यावर बसलेल्या माणसाला दिसणारच नाही.